एका चेंडूनें झांकलेला कर्णधार

वाङ्मयपरीक्षणाचा विषय म्हणजे छापलेला ग्रंथच असला पाहिजे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु ज्या कथा कोणींच लिहिल्या नाहींत आणि तरीहि ज्या घरोघरीं सांगितल्या जातात, त्यांचा मनावर होणारा संस्कार ग्रंथांच्या संस्काराहून उणा नसतो. जेवणें आटोपल्यावर ओटीवर बसून, आगगाडीच्या लांबच्या प्रवासांत, किंवा पावसानें सामना खोळंबला असतां वडील मंडळी मुलांना ज्या हकीकती ऐकवितात, त्यांना एक कर्ता नसला तरी घडण असते. त्यांत नायक असतो, प्रतिनायक असतो, निवडलेले प्रसंग असतात आणि गाळलेले प्रसंगहि असतात. रस असतो आणि तात्पर्यहि असतें. मग त्यांचें परीक्षण कां होऊं नये? पुस्तक वाईट निघालें तर वाचकाची फार तर एक दुपार वायां जाते. पण खऱ्या माणसाविषयींची कथा सदोष असली, तर त्या माणसावर अन्याय होतो, आणि तो पिढ्यान् पिढ्या चालू राहतो.

आम्ही येथें जी कथा परीक्षणास घेत आहों, ती भारतीय क्रिकेट-संघाचे एके काळचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची. क्रिकेटच्या जुन्या चाहत्यांत बसून हें नांव उच्चारावें, कीं पुढचा उद्गार ठरलेला असतो. कोणी हळहळतो, कोणी कानावर हात ठेवून चेंडू कोठें लागला तें दाखवितो, आणि मग संभाषण त्या एका चेंडूभोंवतीं फिरूं लागतें. त्या चेंडूच्या आधीं काय होतें आणि नंतर काय झालें, हें विचारणारा क्वचितच भेटतो.

या कथेचें पहिलें वैशिष्ट्य असें, कीं ती सांगणाऱ्यांपैकीं जवळजवळ कोणींच ती पाहिलेली नाहीं. घटना घडली ती १९६२ सालच्या मार्च महिन्यांत, वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटावर. मुंबईला दूरचित्रवाणीचें केंद्र आलें तें १९७२ सालीं. आज नंदुरबार जिल्ह्यांत असलेलें कोरीट हें गांव तेव्हां धुळे जिल्ह्यांत मोडत होतें. नंदुरबार जिल्हा निर्माण झाला तो १९९८ मध्यें. कोरीटसारख्या गांवच्या चाहत्याला जेथें मुंबईचें ब्रेबोर्न मैदानच दूर, तेथें ब्रिजटाउन कोठून दिसणार! त्याच्यापर्यंत पोंचणार तें वर्तमानपत्रांतलें वृत्त, आणि वृत्त शिळें झाल्यावर माणसांच्या तोंडची आठवण. पण या बाबतींत मुंबईकरहि कोरीटकराहून अधिक भाग्यवान नव्हता. दोघांनींहि हा प्रसंग कानांनींच पाहिला. तेव्हां ही स्मृति साक्षीदाराची स्मृति नव्हे; ती एक रचना आहे, आणि रचना म्हटली कीं तिला टीकेचे नियम लागू पडतात.

कथा थोडक्यांत अशी : भारताचा संघ वेस्ट इंडीजला गेला होता. पहिले दोन कसोटी सामने गमावून तो बार्बेडोसला आला. १७ मार्च रोजीं त्या बेटाच्या संघाविरुद्ध कर्णधार स्वतः सलामीला उतरले. चार्ली ग्रिफिथ नांवाच्या धिप्पाड गोलंदाजाचा एक चेंडू त्यांच्या उजव्या कानाच्या किंचित् वर बसला आणि कवटीला भंग झाला. तातडीनें शस्त्रक्रिया करावी लागली. रक्ताची गरज पडली, तेव्हां प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल स्वतःचें रक्त देण्यास पुढें आले. कित्येक दिवस जीवन-मरणाची झुंज चालली. प्राण वांचले; पण पुढें डोक्यांत धातूची पट्टी बसवावी लागली आणि कसोटी क्रिकेट कायमचें संपलें. इकडे सहाच दिवसांनीं एकवीस वर्षांचा पतौडी कर्णधार म्हणून मैदानावर आला, आणि भारतीय क्रिकेटचें नवें पर्व सुरू झालें.

कथा म्हणून हिचे गुण कोणींहि मान्य करावे. आरंभ, मध्य आणि अंत यांची बांधणी अशी कीं एखाद्या कसलेल्या नाटककारालाहि हेवा वाटावा. बलाढ्य प्रतिनायक आहे, उदार शत्रु आहे, घायाळ नायक आहे, आणि पडदा पडतां पडतां सिंहासनावर बसणारा कोवळा वारसहि आहे. एकहि पात्र जास्त नाहीं. परंतु खऱ्या आयुष्याची हकीकत इतकी सुबक निघाली, कीं टीकाकारानें सावध व्हावें. आयुष्याला इतकी सफाई सहसा नसते. ती आणावयाची तर कांहीं तरी छाटावें लागतें. येथें काय काय छाटलें गेलें, तें आतां पाहूं.

पहिला दोष असा, कीं कथा फार उशीरां सुरू होते. कथेंतला नायक जणूं जखमी होण्यासाठींच मैदानावर येतो. त्याच्या कर्तृत्वाविषयीं श्रोत्याला कांहींच सांगितलेलें नसतें. केवळ तो कर्णधार होता, एवढेंच. वस्तुतः नरी कॉन्ट्रॅक्टर यांचा जन्म ७ मार्च १९३४ रोजीं गोध्रा येथें झाला, आणि रणजी स्पर्धेंत त्यांनीं गुजराततर्फे पाऊल टाकलें तें १९५२-५३ च्या हंगामांत बडोद्याविरुद्ध. त्या पहिल्याच सामन्याच्या दोन्ही डावांत या डावखोऱ्या फलंदाजानें शतकें केलीं : पहिल्यांत १५२ आणि दुसऱ्यांत नाबाद १०२. प्रथम श्रेणीच्या पहिल्या सामन्यांत असा पराक्रम त्यापूर्वीं ऑस्ट्रेलियाच्या आर्थर मॉरिस या एकाच खेळाडूनें केला होता. १९५५ सालीं ते कसोटी खेळाडू झाले. १९५९ च्या डिसेंबरांत कानपूरला भारतानें ऑस्ट्रेलियाला प्रथमच हरविलें. तो सामना जसू पटेल यांच्या चौदा बळींमुळें सर्वांच्या ध्यानांत आहे, आणि तें यथायोग्यच आहे. पण त्या विजयाच्या दुसऱ्या डावांतल्या पायाभरणींत कॉन्ट्रॅक्टर यांच्या ७४ धांवांचा चिरा होता, हें विसरलें जातें. पुढच्याच महिन्यांत मुंबईला त्यांनीं त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध १०८ धांवा काढल्या. त्यांचें कसोटींतलें तेंच एकमेव शतक.

१९६० सालीं पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठीं त्यांना कर्णधार नेमलें तेव्हां त्यांचें वय २६ वर्षांचें होतें. तोंवर इतका तरुण कर्णधार भारतास लाभला नव्हता. त्या मालिकेंतले पांचहि सामने अनिर्णित राहिले. खेळापेक्षां पराभवाचें भय मोठें झालेला तो काळ होता, आणि कोणताहि पक्ष धोका पत्करण्यास तयार नव्हता. त्या मालिकेवरून कर्णधाराची परीक्षा करणें सयुक्तिक होणार नाहीं. खरी परीक्षा झाली ती १९६१-६२ च्या हिंवाळ्यांत, टेड डेक्स्टर यांच्या इंग्लिश संघाविरुद्ध. कलकत्त्याला १८७ धांवांनीं आणि मद्रासला १२८ धांवांनीं विजय मिळवून भारतानें ती मालिका २-० अशी जिंकली. ज्या इंग्लंडपासून आपण हा खेळ शिकलों, आणि ज्यानें अवघ्या अडीच वर्षांपूर्वीं आपल्या घरीं पांचहि सामन्यांत भारताला लोळविलें होतें, त्याच इंग्लंडवर भारताचा तो पहिला मालिका-विजय. तो ज्यानें मिळवून दिला, त्याच्या नांवानें आपण सुस्कारा टाकतों, पण टाळी वाजवीत नाहीं. मद्रासचा विजय जानेवारींतला, ब्रिजटाउनचा चेंडू मार्चमधला. या दोन गोष्टींत दोन-अडीच महिन्यांचें अंतर होतें. आपल्या स्मृतीनें त्यांतली पहिली पुसून टाकली आणि दुसरी कोरून ठेविली.

दुसरा दोष रसाचा आहे, आणि आमच्या मतें तोच सर्वांत गंभीर आहे. आपल्या साहित्यशास्त्रानें वीर आणि करुण हे दोन रस वेगळे मानले आहेत. वीराचा स्थायीभाव उत्साह, करुणाचा शोक. जखम ही दोन्ही रसांत येऊं शकते; भेद एवढाच, कीं वीररसांत जखमी माणूस कांहीं करीत असतो, आणि करुणरसांत त्याच्यावर कांहीं तरी ओढवलेलें असतें. कॉन्ट्रॅक्टर यांच्या जीवनांत दोन्ही प्रकारच्या जखमा आहेत. १९५९ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर ब्रायन स्टॅथम यांच्या चेंडूनें त्यांच्या बरगड्या मोडल्या. श्वास घेतांना जेथें कळ येते, तेथें फलंदाजानें वळावें कसें, वांकावें कसें आणि फटका मारावा कसा? तरी त्यांनीं मैदान सोडलें नाहीं. भारताचा तो डाव अवघ्या १६८ धांवांत आटोपला, आणि त्यांपैकीं ८१ धांवा एकट्या कॉन्ट्रॅक्टर यांच्या होत्या. म्हणजे संघाच्या जवळजवळ अर्ध्या धांवा एका मोडक्या छातीच्या माणसानें काढल्या. हा शुद्ध वीररसाचा प्रसंग. पण चाहत्यांच्या कथेंत तो कोठें आहे? विचारल्यास एखादा जाणकार सांगतो. आपण होऊन कोणी सांगत नाहीं.

परदेशांतलें एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. १९५६ च्या मे महिन्यांत इंग्लंडांतील फुटबॉलच्या चषकाचा अंतिम सामना मँचेस्टर सिटी आणि बर्मिंगहॅम सिटी यांच्यांत झाला. मँचेस्टरचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान याला प्रतिपक्षाच्या खेळाडूशीं झालेल्या टकरींत मानेला मार बसला. त्या काळीं बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती, म्हणून तो तसाच उभा राहिला, गोल राखला, आणि त्याच्या संघानें सामना ३-१ असा जिंकला. मान मोडली होती, हें मागाहून क्ष-किरणांनीं उघडकीस आलें. हा ट्राउटमान जर्मन युद्धकैदी म्हणून इंग्लंडांत आलेला. त्याच्याविषयीं तेथल्या प्रेक्षकांच्या मनांत प्रथम रोषच होता. पण आज मँचेस्टरचे लोक त्याची आठवण काढतात ती मोडक्या मानेनें गोल राखणारा म्हणून. कीव करण्याजोगा म्हणून नव्हे. जखम तीच, किंबहुना तितकीच प्राणघातक; पण तेथल्या स्मृतीनें वीररस निवडला. आपल्यापुढें लॉर्ड्स आणि ब्रिजटाउन हे दोन्ही प्रसंग होते. त्यांतून आपण ब्रिजटाउन निवडलें. निवड नायकाची नव्हती, आपली होती.

यावर कोणी म्हणेल, कीं ब्रिजटाउनचा आघात इतका भयंकर होता, कीं त्यापुढें बरगड्यांची काय कथा! हें म्हणणें आम्ही अमान्य करीत नाहीं. मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आलेल्या माणसाची ती घटना लहान करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें म्हणणें प्रमाणाविषयीं आहे. चित्रांतली एक आकृति कितीहि मोठी असली, तरी तिनें चौकट व्यापून टाकली तर चित्र उरत नाहीं.

तिसरा दोष प्रतिनायकाचा. कथेंत चार्ली ग्रिफिथ हा केवळ राक्षस म्हणून येतो. कथेला राक्षस हवा असतो, कारण त्यावांचून श्रोत्याच्या संतापाला जागा मिळत नाहीं. ग्रिफिथ अत्यंत वेगवान होता, यांत शंका नाहीं. त्याच सामन्यांत पंच कॉर्टेझ जॉर्डन यांनीं त्याचा चेंडू फेकी म्हणून अवैध ठरविला होता, हेंहि खरें. त्याच्या हाताविषयींचा वाद पुढें कित्येक वर्षें चालू राहिला. पण ज्याच्या डोक्याला चेंडू लागला, त्या माणसाची साक्ष काय आहे? कॉन्ट्रॅक्टर यांनीं निरनिराळ्या मुलाखतींतून सांगितलें आहे तें असें, कीं गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटतांना त्याच्या पाठीमागच्या पॅव्हिलियनमधली एक खिडकी कोणीं तरी उघडली. त्या मैदानावर गोलंदाजाच्या मागें पांढरा पडदा नव्हता. फलंदाजाचें लक्ष क्षणभर त्या हालचालीकडे वेधलें गेलें, आणि चेंडू दिसला तो अगदीं जवळ आल्यावर. तो डोक्यावरून जाणारा आदळता चेंडू समजून ते खालीं वांकले आणि त्यावरच डोकें नेलें, अशी जी हकीकत पुष्कळ ठिकाणीं छापली गेली, तीहि त्यांनीं नाकारली आहे. ग्रिफिथला त्यांनीं दोष दिलेला नाहीं.

म्हणजे पाहा, नायक स्वतः सांगतो कीं कारण एक खिडकी होती. आणि श्रोते म्हणतात, नाहीं, राक्षसच होता. खिडकीवर रागावतां येत नाहीं, ही यांतली अडचण. परंतु खिडकीची कथा अधिक खरी आहे, एवढेंच नव्हे, तर ती अधिक खोल आहे. कोणा अनामिक माणसानें वारा यावा म्हणून किंवा खेळ नीट दिसावा म्हणून तावदान लोटावें, आणि त्या निरुपद्रवी कृतीनें एका माणसाच्या आयुष्याचा ओघ फिरावा, यांतली जी भीषणता आहे, ती राक्षसाच्या क्रौर्यांत नाहीं. शिवाय तिच्यांतून एक उपयुक्त विचार निघतो. पांढरा पडदा नव्हता, शिरस्त्राण नव्हतें. ही व्यवस्थेची उणीव होती. कसोटी सामन्यांत शिरस्त्राण घालून खेळणारा पहिला फलंदाज म्हणजे ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहॅम यॅलप. आणि तो तें घालून उतरला तें १९७८ च्या मार्च महिन्यांत, त्याच ब्रिजटाउनच्या मैदानावर. मध्यें सोळा वर्षें गेलीं. राक्षसाला शिव्याशाप देऊन भागत असल्यावर व्यवस्थेकडे पाहण्याची घाई कोणाला असते?

चवथा भाग रक्तदानाचा. कथेंतला हा सर्वांत उदात्त भाग, आणि याविषयीं आमची तक्रार थोडी आहे. फ्रँक वॉरेल यांचें औदार्य निःसंशय थोर. या स्मृतीला एक सुंदर फळहि आलें : बंगालची क्रिकेट-संस्था १९८१ पासून ३ फेब्रुवारीला वॉरेल यांच्या नांवानें रक्तदानाचा दिवस पाळीत आली आहे. एका आठवणीमुळें अनोळखी रुग्णांना रक्त मिळावें, याहून आठवणीचा अधिक चांगला उपयोग कोणता? जी स्मृति हळहळीवर न थांबतां हात पुढें करते, ती सार्थ स्मृति. परंतु येथेंहि कथेनें छाटणी केलीच आहे. त्या रात्रीं रक्त दिलें तें एकट्या वॉरेल यांनींच नव्हे. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर हे संघांतले सोबती आणि के. एन. प्रभु हे क्रीडावृत्तकार, यांनींहि दिलें. पुण्याचे बोर्डे आणि नाशिकचे नाडकर्णी यांचीं नांवें निदान मराठी घरांत तरी या प्रसंगीं निघावयास नकोत काय? शत्रूचें औदार्य चमकतें म्हणून तें लक्षांत राहतें. मित्राचें औदार्य अपेक्षितच असतें म्हणून तें विसरलें जातें. संसारांतहि आपण हेंच करतों. परक्यानें केलेला एक उपकार जन्मभर सांगतों, आणि घरच्या माणसानें रोज उपसलेले कष्ट मोजीत नाहीं.

पांचवा आणि शेवटचा दोष अंताचा. 'एका चेंडूनें कारकीर्द संपली,' या वाक्यानें कथा संपते. हें वाक्य अर्धेंच खरें आहे. कसोटी कारकीर्द त्यानंतर झाली नाहीं, हें खरें : ३१ सामने, १,६११ धांवा, आणि १२ सामन्यांतलें कर्णधारपद, ज्यांत दोन विजय, दोन पराभव आणि आठ सामने अनिर्णित, एवढ्यावर तो हिशेब थांबला. पण क्रिकेट संपलें नाहीं. प्रकृति सावरल्यावर कॉन्ट्रॅक्टर पुन्हां मैदानावर आले, आणि १९७०-७१ च्या हंगामापर्यंत प्रथम श्रेणीचे सामने खेळत राहिले. ज्यांत तो चेंडू लागला त्या सामन्याच्या दोन्ही बाजूंचा काळ धरून त्यांच्या नांवावर १३८ सामन्यांत ८,६११ धांवा आणि २२ शतकें आहेत. डोक्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसानें, शिरस्त्राण नसलेल्या त्या युगांत, वेगवान गोलंदाजासमोर पुन्हां उभें राहावें, ही गोष्ट लॉर्ड्सच्या ८१ धांवांहूनहि मोठी आहे, असें आम्ही म्हणूं. लॉर्ड्सला निदान विचार करण्यास वेळ नव्हता. मार बसला होता आणि डाव चालू होता. येथें मात्र विचार करण्यास महिने होते, आप्तांची काळजी होती, वैद्यांचे सल्ले होते, आणि घरीं बसलें असतें तर कोणीं नांव ठेवलें नसतें. तरीहि त्यांनीं हातांत फळी घेतली. हें धैर्य कथेंत नाहीं, कारण तें घेतल्यास कथेचा करुण अंत बिघडतो!

आणि येथेंच एक अप्रिय प्रश्न उभा राहतो. जो माणूस पुढें इतके हंगाम खेळला, त्याची कसोटी कारकीर्द चेंडूनें संपविली, कीं माणसांच्या निर्णयानें? पुन्हां देशासाठीं खेळावें अशी इच्छा त्यांनीं बोलून दाखविली आहे. निवड झाली नाहीं. निवड न करणाऱ्यांच्या मनांत कदाचित् काळजीच असेल. पुन्हां तोच अनर्थ घडला तर जबाबदार कोण, हा विचार कोणाहि विवेकी माणसाला सुचेल. आम्ही कोणावर दोषारोप करीत नाहीं. पण 'चेंडूनें संपविलें' असें म्हणतांना आपण निर्णयाला नियतीचें नांव देतों, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. नियतीपुढें इलाज नसतो. निर्णयाविषयीं निदान विचार करतां येतो.

हा मुद्दा पतौडींच्या उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल. कथेंत ते नव्या पर्वाचे तेजस्वी वारस म्हणून येतात. २३ मार्च १९६२ रोजीं ब्रिजटाउनला कर्णधार म्हणून उतरले, तेव्हां त्यांचें वय २१ वर्षें ७७ दिवस होतें. पण पतौडीहि घायाळच होते. १९६१ च्या जुलैमध्यें इंग्लंडांत झालेल्या मोटार-अपघातांत त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली होती. एका डोळ्यानें वेगवान चेंडू खेळावयाचा, ही कल्पनाच सामान्य माणसाला अशक्य वाटावी. तरी अपघातानंतर सहा महिन्यांच्या आंत ते कसोटींत उतरले, आणि मद्रासला इंग्लंडविरुद्ध शतकहि काढलें. त्या मालिकेंत त्यांचा कर्णधार कोण होता? नरी कॉन्ट्रॅक्टर. म्हणजे एका डोळ्याच्या तरुणावर ज्या संघानें विश्वास टाकला, त्याच संघाच्या नेत्यावर पुढें तसा विश्वास टाकण्याची वेळ आली नाहीं. दोन जखमी माणसें. एकाची जखम पराक्रमाची भूमिका ठरली, दुसऱ्याची जखम पूर्णविराम ठरली. जखमांच्या गंभीरतेंत भेद असेल; आम्ही वैद्य नाहीं. पण आपल्या स्मृतीनें दोघांना जी वागणूक दिली, तिच्यांतला भेद वैद्यकाचा नसून संधीचा आहे. पतौडींना जखमेनंतरचें आयुष्य दाखविण्याची जागा मिळाली. कॉन्ट्रॅक्टर यांना ती रणजीच्या मैदानांवर मिळाली, जेथें देशाचे डोळे लागलेले नव्हते.

एवढा ऊहापोह करण्याचें कारण काय, असा प्रश्न वाचकाच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. एका क्रिकेटपटूची आठवण थोडी तिरपी झाली, तर बिघडलें काय? बिघडतें असें, कीं खेळाडूंच्या कथा आपण मुलांना सांगतों त्या खेळ शिकविण्यासाठीं नव्हे. संकटांत माणूस कसा वागतो, हें शिकविण्यासाठीं त्या सांगतों. आणि प्रत्येक घरांत एखादा तरी माणूस असतो, ज्याला आजारानें, अपघातानें किंवा दैवाच्या एका फटक्यानें मध्येंच थांबविलें. त्याच्याविषयीं आपण कसें बोलतों? 'बिचाऱ्याचें सगळें गेलें,' असें म्हणतों, आणि त्या एका वाक्यांत त्याचें आधींचें कर्तृत्वहि पुसतों, नंतरची धडपडहि पुसतों. दया ही थोर भावना खरी, पण ती स्वस्त पडते. आदराला मात्र माहिती लागते. ज्याची दया येते, त्याच्याविषयीं एक प्रसंग ठाऊक असला कीं पुरे. ज्याचा आदर करावयाचा, त्याचें सबंध आयुष्य पाहावें लागतें. शिवाय दयेचा एक छुपा परिणाम असा, कीं ती ज्याच्यावर केली जाते त्याच्या हातून पुन्हां कांहीं घडेल, अशी अपेक्षाच ती सोडून देते. मोडलेलें भांडें जपून फडताळांत ठेवावें, तशी ती माणसाला जपून बाजूला ठेविते.

म्हणून या लोककथेविषयीं आमचा अभिप्राय असा : तिची मांडणी चटकदार आहे, तिच्यांतला रक्तदानाचा प्रसंग थोर आहे, पण तिचा रस चुकला आहे, तिचा आरंभ उशीरां आणि अंत लवकर झाला आहे. ती नव्यानें सांगितली पाहिजे. नव्या सांगण्यांत गोध्र्याचा मुलगा पहिल्याच सामन्यांत दोन शतकें करील. लॉर्ड्सला त्याच्या बरगड्या मोडतील, आणि तो ८१ धांवा काढून परतेल. कलकत्त्याला आणि मद्रासला तो इंग्लंडला नमवील. मग ब्रिजटाउनची खिडकी उघडेल, आणि वॉरेल यांच्या शेजारीं बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर आणि प्रभु हेहि रक्त द्यावयास उभे असतील. आणि कथा तेथें थांबणार नाहीं. नायक पुन्हां पायाला पॅड बांधील, उघड्या डोक्यानें नव्या चेंडूला सामोरा जाईल, आणि आणखी कित्येक हंगाम धांवा काढील. १९६२ सालीं डोक्यांत बसवलेली ती धातूची पट्टी २०२२ सालीं मुंबईंत शस्त्रक्रियेनें काढण्यांत आली. साठ वर्षें तो माणूस त्या चेंडूची खूण मस्तकांत वागवीत चालला; पण तो चालला, ही मुख्य गोष्ट. भारतीय क्रिकेट-नियामक मंडळानें २००७ सालीं कर्नल सी. के. नायडू यांच्या नांवाचा जीवनगौरव त्यांना अर्पण केला, तो त्या चेंडूबद्दल खात्रीनें नव्हता.

चेंडूचें वजन साडेपांच औंस. माणसाचें आयुष्य त्याहून जड असतें. स्मरणाच्या तराजूंत ज्याचें त्याचें वजन त्याच्या पदरीं घालणें, एवढेंच चाहत्याचें कर्तव्य, आणि टीकाकाराचेंहि.